बंद करण्याचं काम

अकोल्याहून वाशीमकडे निघालं की पातूरपर्यंत रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. पातूर मागे पडलं की घाट लागतो, आणि घाट चढून वर आलं की मेडशी. मालेगाव तालुक्यातलं हे गाव बहुतेक प्रवाशांना चहापुरतं माहीत असतं. रस्ते बांधणाऱ्यांना ते वेगळ्या कारणाने माहीत आहे. राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी करायला घेतला तेव्हा या भागात कामाचे दोन तुकडे पडले : अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशीम. एका कामाचा शेवट इथे, दुसऱ्याची सुरुवातही इथेच. दोन कामांच्या मधला तो हातभर रस्ता नेमका कोणाचा, हा प्रश्न कुठल्याही बांधकामावर कधी ना कधी निघतोच.

हा लेख रस्त्याबद्दल नाही. चालू कारखाना मुद्दाम बंद करून त्याची दुरुस्ती करतात, त्याला सगळीकडे ‘शटडाउन’ म्हणतात, त्याबद्दल आहे. मेडशीत मोठा कारखाना नाही, धुराडं नाही. पण घाट उतरून पातूर, तिथून बाळापूर, आणि बाळापूरच्या पुढे पारस. पारसला महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र आहे. साठच्या दशकात तिथे छोटे संच उभे राहिले आणि पुढे कालबाह्य होऊन बंद पडले. आज चालतात ते २५० मेगावॉटचे दोन संच. एकाचं व्यावसायिक उत्पादन २००८ मध्ये सुरू झालं, दुसऱ्याचं २०१० मध्ये. आणि सांध्याचा प्रश्न, एक काम जिथे संपतं आणि दुसरं सुरू होतं त्या हातभर जागेचा, शटडाउनमध्ये पावलोपावली येतो. रस्त्यावर तो चुकला तर खड्डा पडतो. बॉयलरवर चुकला तर माणसं जातात.

*

थांबणं म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात, हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात, उद्याच्या जेवणाचं आवतन त्याच्या कानात सांगतात. दुसऱ्या दिवशी मानेवर जू नाही. वर्षभर जिथे जू घासतं नेमकी तीच जागा आधी पाहायची, हा त्यातला व्यवहार. शटडाउनचा अभियंताही वेगळं काही करत नाही. त्याच्याकडे लोण्याऐवजी अल्ट्रासॉनिक जाडीमापक असतो, एवढंच.

गंमत म्हणजे काळही जवळपास तोच. महाराष्ट्रातल्या वीज केंद्रांचे मोठे वार्षिक बंद शक्यतो पावसाळ्यात बसवतात. पाऊस बरा असला की शेतीपंप थांबतात, पंखे-कूलर कमी होतात, मागणी उतरते. त्याच महिन्यांत पवनचक्क्या जोरात फिरतात आणि धरणं भरू लागतात. ऑक्टोबर उजाडला की ऊन परत तापतं, रब्बीची ओलितं सुरू होतात, आणि मग संच बंद ठेवणं कोणालाच परवडत नाही. म्हणून केंद्राला मनात येईल तेव्हा संच बंद करता येत नाही. कोणता संच कोणत्या आठवड्यात बंद राहील याचं वर्षाचं वेळापत्रक पश्चिम विभागाच्या वीज समितीत आधीच ठरतं, आणि प्रत्यक्ष बंद करायच्या दिवशी राज्य भारप्रेषण केंद्राचा होकार लागतो. शेजारच्या केंद्रातला एखादा संच अचानक पडला तर तयारीत बसलेल्या केंद्राला निरोप येतो, आणखी चार दिवस चालवा. माणसं आलेली असतात, क्रेन भाड्याने आलेली असते, सगळं ताटकळत बसतं.

शेतीच्या बाजूनेही हा काळ जमतो. निंदण, डवरणी उरकलेली असते, सोयाबीनच्या सोंगणीला अवकाश असतो. मधल्या या ओसरत्या दिवसांत या पट्ट्यातली माणसं चार पैशांच्या कामाला बाहेर पडतात : कोणी बांधकामावर, कोणी अकोल्याच्या एमआयडीसीत, कोणी ‘शटडाउनला’. हा शब्द लग्नाला किंवा बाजाराला जावं तसा वापरतात. तिथे हेल्पर लागतात, मचाण बांधणारे लागतात, राख उपसणारे लागतात, लोखंड वाहणारे लागतात. उंच दाबाच्या नळ्या जोडणारे ‘आयबीआर वेल्डर’ मात्र बहुतेक परप्रांतांतून येतात. बॉयलर नियमांखाली परीक्षा दिलेले हे लोक वर्षभर एका शटडाउनवरून दुसऱ्यावर फिरत असतात, तमाशाच्या फडासारखे.

*

हिशेब सोपा आहे. २५० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला ६० लाख युनिट वीज देतो. तो एक दिवस जास्त बंद राहिला तर एवढी वीज गेली. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे स्थिर खर्च पुरता वसूल व्हायचा असेल तर संच साधारणपणे वर्षाचा ८५ टक्के काळ उपलब्ध असावा लागतो. उरलेल्या १५ टक्क्यांचे जेमतेम ५५ दिवस होतात. ठरवून केलेला बंद त्यातच, आणि अवेळी फुटलेल्या नळीमुळे झालेला बंदही त्यातच. बॉयलरच्या वार्षिक देखभालीला साधारण पंचवीस-तीस दिवस जातात. काही वर्षांनी टर्बाइन उघडायची पाळी आली की त्याहून जास्त.

या दिवसांची मांडणी कशी करायची यातूनच एक शास्त्र निघालं. आज पूल बांधणारेही वापरतात ती ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली. तिचा सुरुवातीचा एक मोठा वापर झाला तो केंटकीमधल्या लुईव्हिलच्या रसायन कारखान्यात, नवीन बांधकामावर नव्हे तर दुरुस्तीच्या बंदवर. तिथला बंद सरासरी १२५ तास चाले, तो ९३ तासांवर आला. कोणालाही जास्त पळायला लावलं नव्हतं. कोणत्या कामामुळे बाकीची अडून राहतात ते शोधलं, आणि बाकीच्यांना उगाच घाई करणं सोडलं.

हे वाचायला सरळ वाटतं. प्रत्यक्षात शटडाउनच्या कोणत्याही बैठकीत प्रत्येक विभागाला आपलंच काम अडसर वाटतं. शिवाय संच बंद होतोय असं कळलं की वर्षभर झाकून ठेवलेली कामं बाहेर येतात. अमक्या व्हॉल्व्हची गळती, तमक्या शिडीचा कठडा, एक रंगवायची भिंत. घरात गवंडी आला की बायको, आई आणि शेजारी तिघांनाही एकेक फुटकी फरशी आठवते, त्यातलाच प्रकार. म्हणून जाणते लोक काही आठवडे आधी यादी गोठवतात. त्यानंतर आलेलं काम पुढच्या वर्षी. या ‘नाही’ म्हणण्यावर निम्मा शटडाउन उभा असतो असं माझं मत झालं आहे, आणि नाही म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचा कोणी सत्कार केल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

साखर कारखान्यांचं या बाबतीत बरं आहे. ऊस संपला की गाळप आपोआप थांबतं. मग उन्हाळा-पावसाळाभर मिलचे रोलर काढा, बॉयलर साफ करा, आणि दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन करून गव्हाणीत मोळी टाकायला सज्ज व्हा. आमच्या वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंगचंही तसंच, कापूस संपला की जिन गप्प. निसर्गच त्यांना बंद करतो. वीज केंद्राला, तेलशुद्धीकरणाला, खत कारखान्याला तसं कोणी थांबवत नाही. त्यांना स्वतः ठरवून थांबावं लागतं, आणि तेही सगळं नीट चालू असताना.

*

नीट थांबवणं हीसुद्धा कारागिरी आहे. टर्बाइनमध्ये जाणारी वाफ ५४० अंशांच्या आसपास तापलेली असते. तिच्यावर मिनिटाला ३,००० फेरे घेणारा रोटर टनावारी वजनाचा. तो तापलेला असताना एका जागी उभा केला तर वरची आणि खालची बाजू सारखी निवत नाही आणि रोटर किंचित वाकतो. हा बाक डोळ्यांना दिसतही नाही, पण पुढच्या वेळी पूर्ण वेगाला गेल्यावर तोच बेअरिंग फोडायला पुरतो. म्हणून वीजनिर्मिती बंद झाल्यावरही रोटर निवेपर्यंत त्याला संथ फिरवत ठेवतात. या यंत्रणेचं नाव बॅरिंग गिअर. दौडून आलेल्या घोड्याला लगेच न बांधता फिरवून गार करतात, तसंच हे. बाहेरच्या माणसाला वाटतं संच बंद झाला; आतल्या माणसाच्या लेखी तो अजून दोन-चार दिवस बंद व्हायचाच असतो.

बॉयलर निवला की त्याची दारं उघडतात. आत डोकावलं तर विहिरीच्या तळातून वर पाहिल्यासारखं वाटतं. फक्त ही विहीर कित्येक मजली आणि भिंती नळ्यांच्या. या नळ्यांतून पाणी आणि वाफ जाते, बाहेरून आगीचा झोत. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर, तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात. ती राख वाळूसारखी नळ्यांना घासत जाते. जिथे जास्त घासते तिथे धातू पातळ होतो, आणि एके दिवशी नळी फुटते. फुटलेल्या नळीतून सुटलेली वाफेची धार शेजारच्या नळीलाही कापते, मग तिच्या शेजारचीला. एका नळीवरून चार-दोन दिवसांचा नुकसानीचा बंद येतो तो असा. म्हणून शटडाउनमध्ये हजारो ठिकाणी जाडी मोजतात आणि ठरावीक मर्यादेखाली गेलेल्या नळीचा तुकडा कापून नवा जोडतात. जोडाची रेडिओग्राफी बहुधा रात्री, भोवतालचा भाग मोकळा करून, दोऱ्या बांधून.

पण त्याआधी आत चढायचं कसं? तळापासून मचाण उभारावं लागतं. ते बांधणाऱ्यांच्या डोक्यावर वर्षभर चिकटलेले राखेचे दगड, क्लिंकर, लटकत असतात. ते आधी पाडायचे, मग माणूस आत सोडायचा, ही क्रमवारी कुठल्याही तक्त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. आतला दिवा २४ व्होल्टचा, कारण सगळीकडे लोखंड आणि घामाने भिजलेली माणसं. बॉयलरच्या ड्रममध्ये शिरण्याआधी हवेतला प्राणवायू मोजायचा. दाराशी एक माणूस बसवायचा, त्याचं काम एकच : आत किती गेले, बाहेर किती आले. हे सगळ्यात कंटाळवाणं काम सहसा सगळ्यात नव्या, सगळ्यात स्वस्त माणसाला मिळतं. मला हे उलटं वाटतं.

टर्बाइन उघडलं असेल तर नियम आणखी कडक. खिसे रिकामे. पेन, नाणी, किल्ल्या, मोबाइल बाहेर. प्रत्येक पान्याची नोंद, आत जाताना आणि बाहेर येताना. संध्याकाळी एक पाना कमी भरला तर काम थांबतं आणि शोध सुरू होतो, मग वरिष्ठ कितीही चिडोत. आमच्याकडचे जुने फिटर अजून ‘सूत’ या मापात बोलतात, एक सूत ढिलं, अर्धं सूत घट्ट. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टर्बाइनच्या बेअरिंगपाशी मात्र मिलिमीटरचे शंभर भाग करावे लागतात. दोन्ही मापं एकाच माणसाच्या बोटांत नांदतात, हे पाहण्यासारखं असतं.

*

बंद यंत्र खरोखर बंद आहे याची खात्री कोण देणार? पाटी लावून ती मिळत नाही. एका जिनिंगमध्ये मी स्वतः पाहिलं आहे : स्विचजवळ खडूने ‘काम चालू आहे’ लिहिलेलं, आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाने त्याच्याकडे न बघता खटका ओढला. पट्ट्याजवळ बसलेल्याने हात काढून घेतला म्हणून बोटं वाचली. संध्याकाळी त्याच खडूने तीच पाटी पुन्हा नीट लिहून ठेवली गेली.

मोठ्या कारखान्यांत यासाठी पर्मिट असतं. काम करणाऱ्याने लेखी मागायचं, चालवणाऱ्याने वीज तोडून, व्हॉल्व्ह बंद करून, कुलूप घालून, पाटी अडकवून लेखी द्यायचं. कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. पाइपमध्ये फक्त व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, मध्ये लोखंडी चकती घालून वाट बुजवायची; तिला ब्लाइंड म्हणतात. गावात लाइनमन खांबावर चढण्याआधी उपकेंद्रातून परवाना घेतो, तारा जमिनीशी जोडतो, ती याचीच घरगुती आवृत्ती.

६ जुलै १९८८ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलमंचावर १६७ माणसं गेली. तिथे पर्मिटची पद्धत होती, कागदही भरले होते. एका पंपाच्या दुरुस्तीचा कागद वेगळा आणि त्याच पंपावरचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढल्याचा कागद वेगळा. रात्री दुसरा पंप बंद पडला. पाळीवरच्या लोकांना पहिला कागद दिसला, दुसरा दिसला नाही, आणि त्यांनी व्हॉल्व्ह नसलेला पंप चालू केला. दिवसपाळी आणि रात्रपाळी यांच्या सांध्यावर तो कागद राहून गेला.

भारतात बॉयलरचा कायदा झाला तोही अशाच धड्याने. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटला, पुढच्या वर्षी बंगालने तपासणीचा कायदा केला. १९२३ मध्ये देशभरासाठी एक कायदा आला. त्याने वर्षानुवर्षे कारखान्यांना शिस्त लावली ती एका साध्या गोष्टीने : बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत संपते. मुदत संपली की बॉयलर थंड करून निरीक्षकाला आत दाखवा, नाहीतर चालवू नका. मालकाला कितीही नको असला तरी बंद घ्यावा लागतो तो यामुळे. शंभर वर्षं जुना तो कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला.

*

शटडाउनच्या गोष्टीत लोकांना वाटतं धोका उघडण्यात आहे. जगातले अनुभव उलट सांगतात. घात होतो तो बंद करताना किंवा पुन्हा सुरू करताना. २३ मार्च २००५ला अमेरिकेतल्या टेक्सास सिटीमध्ये बीपीच्या शुद्धीकरण प्रकल्पात देखभाल संपवून एक युनिट चालू करत होते. मनोऱ्यात द्रव भरत गेला. मापकाने नीट सांगितलं नाही, आणि रात्रपाळीने सकाळच्या पाळीला पुरतं सांगितलं नाही. १५ माणसं गेली. ती त्या युनिटवर कामही करत नव्हती. शेजारच्या दुसऱ्या युनिटच्या शटडाउनसाठी आलेल्या ठेकेदारांच्या फिरत्या खोल्यांत बसली होती. चेर्नोबिलची अणुभट्टी ज्या प्रयोगात फुटली, तोही ठरलेल्या देखभालीसाठी ती बंद करतानाच घेतला होता. वीज हवी म्हणून ग्रिडने बंद काही तास पुढे ढकलायला लावला, आणि तयारी केलेल्या पाळीऐवजी प्रयोग रात्रपाळीच्या गळ्यात पडला. भारप्रेषण केंद्राचा ‘आणखी चार दिवस चालवा’ हा निरोप मला म्हणूनच साधा वाटत नाही. आपल्याकडे ७ मे २०२०ला विशाखापट्टणमजवळ स्टायरिन वायू पसरून १२ जण गेले. तो कारखाना टाळेबंदीत बंद होता. तो बंद कोणी आखलेला नव्हता. एका रात्रीत आला होता.

ठेकेदारांच्या माणसांपाशी थोडं थांबलं पाहिजे. केंद्रात वर्षभर जितके लोक असतात त्यांच्या कित्येक पट लोक शटडाउनच्या महिन्यात आत येतात. त्यांना गेटपास मिळतो, हेल्मेट मिळतं, सकाळी उभ्याने सुरक्षेचा ‘टूलबॉक्स टॉक’ होतो. तो बहुतेक हिंदीत, मध्येच इंग्रजी. घाटावरून आलेल्या पोराला त्यातलं किती कळतं, हे विचारणारा तिथे कोणी नसतो. ‘ब्लाइंड’ म्हणजे काय हे त्याला सांगितलं तरी ‘का’ सांगितलेलं नसतं. वऱ्हाडी बोलीत पाच मिनिटं सांगायला काहीच खर्च नाही. पण तक्त्यात त्याला ओळ नाही, आणि ज्या कामाला तक्त्यात ओळ नाही ते शटडाउनमध्ये होत नाही.

*

शेवटचे दिवस वेगळेच असतात. मचाण उतरतं. आत कोणी राहिलं नाही, काही राहिलं नाही याची शेवटची फेरी होते. दारं लावतात, याला ‘बॉक्सअप’ म्हणतात. बॉयलरमध्ये पाणी भरून दाबाखाली तासन्‌तास तपासणी होते. एखाद्या नव्या जोडातून थेंब दिसला तर सगळ्यांचे चेहरे उतरतात. नंतर तेलाच्या ज्योतीने बॉयलर पेटवायचा, हळूहळू, कारण घाईत तापवलेला जाड धातूही तडकतो. पण पेटवण्याआधी सगळे पर्मिट परत आलेले हवेत. एक जरी कागद परत आला नसेल, एक जरी टॅग कुठे लटकत असेल, तर शोधायचा. अडीचशे मेगावॉट एका पत्र्याच्या तुकड्यासाठी वाट पाहत उभे राहतात.

मग सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी. दाब चढवत नेतात आणि ठरलेल्या आकड्याला व्हॉल्व्ह सुटतो. ती गर्जना आसपासच्या गावांत ऐकू जाते. सवय नसलेले घाबरतात. सवय असलेल्यांना कळतं की संच आता लागतोय. टर्बाइन फिरायला लागतं, मधल्या काही वेगांवर थरथरतं, ते टप्पे न रेंगाळता ओलांडत ३,०००वर येतं, आणि जनरेटर ग्रिडला जोडला जातो.

त्या वेळी आत फार थोडी माणसं असतात. बाकीच्यांचे गेटपास परत घेतलेले असतात, हिशेब चुकता झालेला असतो किंवा पुढच्या आठवड्यावर गेलेला असतो. वेल्डर पुढच्या शटडाउनला रवाना. बाळापूर, पातूर करत गाड्या घाट चढतात तेव्हा सोयाबीन पिवळं पडत आलेलं असतं आणि सोंगणीला मजूर मिळत नाही म्हणून गावात ओरड सुरू झालेली असते. तिकडे केंद्रात पुढच्या वर्षीच्या बंदची यादी उघडली गेलेली असते. तिच्यात सगळ्यात वर असतात त्या नळ्या, ज्यांची जाडी या वेळी मर्यादेच्या जरा वर भरली म्हणून तशाच ठेवल्या.